मानसशास्त्रातलं संशोधन आणि नीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे विद्यार्थ्यांचे प्रश्न साधारण तीन वेळा येतात: परीक्षेच्या आधी, प्रबंधाचा आराखडा द्यायच्या आठवड्यात आणि डेटा गोळा करून झाल्यावर. पहिल्या दोन वेळचे प्रश्न सुटतात. तिसऱ्या वेळचे बरेचसे सुटत नाहीत, कारण तोवर वेळ हातातून गेलेली असते. म्हणून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्याला लागत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. माणसं कशी वागतात ते आपण रोजच बघतो. मग त्यासाठी संशोधन कशाला?

रोजच्या बघण्यातून आपल्याला दोन्ही बाजूंचं शहाणपण मिळतं. अतिपरिचयानं अवज्ञा होते हेही पटतं आणि सहवासानं माया वाढते हेही. गोष्ट घडून गेल्यावर त्यातलं सोयीचं वाक्य काढून "मला वाटलंच होतं" म्हणता येतं. संशोधन हाच प्रश्न आधी विचारतं: कोणत्या परिस्थितीत अवज्ञा, कोणत्या परिस्थितीत माया, आणि आपलं चुकत असेल तर ते कशावरून कळेल? रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ साली अनोळखी शब्द, चिन्हं आणि चेहरे लोकांना कमी-जास्त वेळा दाखवले. जे जास्त वेळा दिसलं, ते लोकांना जास्त आवडलं. एवढ्यानं अतिपरिचयाची म्हण खोटी ठरत नाही. पण आता वाद घालायला हातात काहीतरी मोजलेलं असतं.

२. गृहीतक आणि नुसता अंदाज यात फरक काय?

"मोबाइलमुळे लक्ष लागत नाही" हे मत झालं. "फोन टेबलावर पालथा ठेवलेल्या गटाची वीस बेरजांमधली बरोबर उत्तरं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या गटापेक्षा कमी येतील" हे गृहीतक. हे दुसरं वाक्य चुकीचं ठरू शकतं, आणि तीच त्याची ताकद आहे. लक्ष लागणं म्हणजे काय, ते कशानं मोजायचं, हे त्यात ठरलेलं आहे. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. आपण जे बदलतो ते स्वतंत्र चल (इथे फोनची जागा), जे मोजतो ते अवलंबी चल (इथे बरोबर उत्तरं). गृहीतक डेटा हातात येण्याआधी लिहा आणि त्यावर तारीख घाला. का, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. माझ्या विषयाला कोणती पद्धत योग्य? मला मुलाखती घ्यायला आवडतात.

आवडीवरून पद्धत ठरवू नका, प्रश्नावरून ठरवा. "किती जणांना असं होतं?" याला सर्वेक्षण लागतं. "कशामुळे होतं?" याला प्रयोग. "ज्याला होतं त्याला ते कसं वाटतं?" याला मुलाखत. माणसं सांगतात एक आणि करतात दुसरं अशी शंका असेल, तर निरीक्षण.

आणि जी गोष्ट क्वचितच घडते, तिच्यासाठी व्यक्तिअभ्यास. एकाच माणसावरून काय कळणार, असं म्हणणाऱ्यांना मी एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाची गोष्ट सांगते. १९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचा) बराच भाग काढला गेला आणि त्यानंतर नवी घटना त्यांच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघत चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. दिवसागणिक हात सफाईदार होत गेला. आपण हे आधी केलं आहे, याची मात्र त्यांना दर वेळी काहीच आठवण नसे. हाताला आठवतं आणि मनाला आठवत नाही, म्हणजे स्मृती एकाच प्रकारची नसते, हे या एका माणसानं दाखवून दिलं. पण फिट्स येणाऱ्या सगळ्यांबद्दल या अभ्यासावरून बोलता येत नाही, ही त्याची मर्यादा.

४. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे पाठ आहे. पण नेमकं का नव्हे?

समजा, झोप कमी असलेल्यांना चिंता जास्त आहे असं दिसलं. सहसंबंध −१ ते +१ या पट्ट्यावर असतो, तुमचा −०.४ आला. आता तीन वाटा उघड्या आहेत. झोप कमी म्हणून चिंता वाढली असेल. चिंतेमुळे झोप उडाली असेल. किंवा तिसरंच काही, म्हणजे आजारपण, रात्रपाळी किंवा घरातलं दुखणं, दोन्हींच्या मुळाशी असेल. −०.४ हा आकडा तिन्ही वाटांवर तसाच्या तसा येतो, त्यामुळे तो पाहून वाट ओळखता येत नाही. प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात "परिणाम होतो", "कारणीभूत ठरते" असे शब्द नकळत शिरतात. आराखड्यात सहसंबंधात्मक अभ्यास लिहिला असेल, तर शेवटी हे शब्द शोधून काढून टाका.

५. यादृच्छिक नमुना आणि यादृच्छिक वाटणी एकच ना?

नाही, आणि ही गल्लत मला सगळ्यात जास्त वेळा दिसते.

यादृच्छिक नमुना म्हणजे ज्या लोकांबद्दल बोलायचं आहे, त्यांतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी मिळणं. त्यामुळे निष्कर्ष त्या सगळ्यांना लावता येतो. यादृच्छिक वाटणी म्हणजे आलेल्या सहभागींपैकी कोण कोणत्या गटात, हे नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगानं ठरणं. त्यामुळे दोन गट सुरुवातीला सरासरीनं सारखे असतात आणि पुढे पडलेला फरक आपण केलेल्या बदलामुळे पडला असं म्हणता येतं. पहिली गोष्ट "हे कोणाला लागू?" याचं उत्तर देते, दुसरी "हे कशामुळे?" याचं. मानसशास्त्रातल्या पुष्कळ प्रयोगांत दुसरी असते आणि पहिली नसते.

"लिंक पाठवली, ज्यांना वाटलं त्यांनी भरली" हा यादृच्छिक नमुना नव्हे, तो सोयीचा नमुना. तसा तो घ्यायला हरकत नाही, पण तसं स्पष्ट लिहा. शितावरून भाताची परीक्षा होते ती भांड्यातला भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. माणसं तशी नसतात. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरी अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज साफ चुकला. यादीच मुख्यतः फोन आणि मोटार असलेल्यांची होती, आणि त्यातही परत पाठवणारे वेगळे निघाले. नमुना एका बाजूला कललेला असेल तर तो मोठा करून सरळ होत नाही.

६. किती सहभागी घ्यावेत? तीस पुरतात असं सगळे सांगतात.

तीस हा आकडा कानोकानी चालत आलेला आहे. खरा आकडा तुम्ही किती मोठा फरक शोधताय, यावर ठरतो. दोन स्वतंत्र गट, मध्यम आकाराचा परिणाम (फरक किती मोठा हे सांगणाऱ्या कोहेन यांच्या मापात ०.५), तो असलाच तर सापडण्याची शक्यता ८० टक्के आणि लक्षणीयतेची पातळी ०.०५ (ती काय, ते प्रश्न ९ मध्ये) धरली, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. परिणाम छोटा, म्हणजे ०.२ असेल, तर प्रत्येक गटात ३९३. हे गणित करून देणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. डेटा घेण्याआधी ते करा आणि आराखड्यात लिहा.

हा संख्याशास्त्राइतकाच नीतीचाही प्रश्न आहे. पंधरा-पंधरा माणसांच्या दोन गटांत ज्याचं उत्तर मिळणंच शक्य नाही असा प्रश्न विचारलात, तर तीस माणसांचा वेळ तुम्ही फुकट घेतलात. मुलाखतींच्या अभ्यासाला हे गणित लागू नाही. तिथे नवीन मुलाखतीतून नवं काही येईनासं झालं की थांबतात.

७. नियंत्रित गटाला (ज्याच्याशी तुलना करायची त्या गटाला) उपचार द्यायचा नाही, हा अन्याय नाही का?

उपचार उपयोगी आहे हे आधीच पक्कं असेल, तर तो रोखून धरणं अन्यायच. म्हणून तिथे नव्या उपचाराची तुलना चालू उपचाराशी करतात, 'काहीच नाही'शी नव्हे. उपयोग होतो की नाही हे खरोखर माहीत नसेल, तर नियंत्रित गटाशिवाय ते कधीच कळणार नाही, आणि मग निरुपयोगी उपचार वर्षानुवर्षं चालू राहतो. मधला मार्ग प्रतीक्षा यादीचा: या गटालाही उपचार मिळतो, पण मोजमाप संपल्यावर. मात्र तीव्र नैराश्यात असलेल्या माणसाला तीन महिने थांबा म्हणता येत नाही. अशांना अभ्यासाबाहेर ठेवा आणि लगेच मदतीपर्यंत पोहोचवा.

८. काय तपासतोय ते आधीच सांगितलं तर लोक मुद्दाम तसं वागतील. मग करायचं काय?

भीती खरी आहे. सहभागी माणूस शहाणा असतो. तुम्हाला काय हवंय याचा तो अंदाज बांधतो आणि बहुतेकदा मदत करायला बघतो. पण त्याहून कमी लक्षात येते ती संशोधकाची स्वतःची देहबोली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा खुरानं टापा मारून बेरजांची उत्तरं द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली बारकाईनं तपासलं. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कोलमडायचं. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात होणारी नकळत हालचाल बघून तो थांबत होता. मालकानं लबाडी केली नव्हती. आपण काही सुचवतोय हे त्याला कळतच नव्हतं.

म्हणून कोण कोणत्या गटात आहे हे सहभागीला आणि मोजणाऱ्याला, दोघांनाही माहीत नसावं. एकट्यानं प्रबंध करत असाल तर निदान सूचना छापून द्या, गुण देणाऱ्या मैत्रिणीला गट सांगू नका. हेतू अर्धवट सांगायचा की मुद्दाम खोटं सांगायचं, हा पुढचा प्रश्न १४ मध्ये घेतला आहे.

९. पी मूल्य ०.०५ पेक्षा कमी आलं. आता गृहीतक सिद्ध झालं म्हणू ना?

म्हणू नका. पी मूल्य एवढंच सांगतं: खरं तर काहीच फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. तुमचं गृहीतक खरं असण्याची शक्यता ते सांगत नाही. फरक किती मोठा, हेही सांगत नाही. त्यासाठी परिणामाचा आकार द्यावा लागतो.

एकच चाचणी ठरवून केलीत, तर ०.०५ ला अर्थ आहे. पण वीस वेगवेगळ्या चाचण्या करून बघितल्यात, आणि कुठेच काही खरं नसलं, तरी किमान एक 'लक्षणीय' (म्हणजे पी मूल्य ०.०५ पेक्षा कमी) निघण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के होते. मग तेवढीच एक प्रबंधात घालायची आणि उरलेल्या एकोणीस गप्प ठेवायच्या, याला शोध म्हणत नाहीत. गृहीतकावर तारीख घालायला सांगितलं ते यासाठी. आता योजना आधीच सार्वजनिक नोंदवून ठेवायची सोय आहे, ती वापरा. नंतर सुचलेलं विश्लेषणही करा, पण "हे नंतर सुचलं" असं लिहून.

१०. फरक आलाच नाही. वर्ष वाया गेलं का?

नाही. नमुना पुरेसा होता, मोजमाप नीट होतं, तर "फरक दिसला नाही" ही माहितीच आहे. ती कपाटात पडून राहिली, तर दुसरं कोणीतरी तेच वर्ष पुन्हा घालवतं. २०१५ साली संशोधकांच्या मोठ्या गटानं मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचं प्रसिद्ध झालं. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निकाल होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत आला. छापताना नुसते 'यशस्वी' निकाल निवडत गेलं की असं होतं. गाइड नाराज होतील म्हणून निकाल वळवू नका. मी तरी आजवर पडलेल्या गृहीतकासाठी गुण कापलेले नाहीत.

११. इंटरनेटवर इंग्रजी प्रश्नावली मिळाली. मराठीत भाषांतर करून वापरू का?

आधी परवानगी. अनेक चाचण्यांवर प्रकाशकाचा हक्क असतो आणि काही चाचण्या प्रशिक्षित माणसानंच वापरायच्या असतात. मोफत मिळाली म्हणजे मोकळी आहे असं नाही.

मग भाषांतर. एकानं मराठीत आणायचं, मूळ न वाचलेल्या दुसऱ्यानं पुन्हा इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. तरीही मराठीचे म्हणून काही खड्डे राहतात. एक जवळून बघा. विधान: "मला एकटं वाटत नाही." पर्याय: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. एखाद्यानं "कधीच नाही" वर खूण केली. त्याला कधीच एकटं वाटत नाही, की एकटं वाटत नाही असं कधीच होत नाही? आपण बोलताना "कधीच नाही वाटत" असं सहज म्हणतो, त्यामुळे बरेचजण पहिल्या अर्थानं खूण करतात आणि गुण मात्र दुसऱ्या अर्थानं मोजले जातात. सगळ्यात आनंदी माणूस तुमच्या तक्त्यात सगळ्यात एकाकी ठरतो. उपाय साधा आहे: पाच-सहा जणांना समोर बसवून प्रत्येक विधान मोठ्यानं वाचायला आणि मनात काय आलं ते सांगायला लावा.

शेवटी विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर तेच येतं का) आणि वैधता (जे मोजायचं म्हणतो तेच मोजतोय का) आपल्या नमुन्यावर नव्यानं तपासायची. रोज दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा विश्वसनीय असतो, वैध नसतो.

१२. संमतीपत्रावर सही घेतली. नीतीचं काम झालं ना?

सही हा संमतीचा पुरावा आहे, संमती नव्हे. माणसाला कळायला हवं: अभ्यास कशाबद्दल, किती वेळ, काय करावं लागेल, त्रास काय होऊ शकतो, माहिती कोण बघणार, कुठे किती दिवस ठेवणार, मध्येच थांबता येतं आणि थांबलं तर काहीही नुकसान नाही, शंका असेल तर कोणाला विचारायचं. तेही साध्या मराठीत. "प्रस्तुत संशोधनात ऐच्छिक सहभाग अभिप्रेत आहे" हे वाक्य आपल्या आजीला वाचून दाखवा, तिला कळलं नाही तर बदला.

मी शिकत असताना शोकावर मुलाखती घेत होते. एका बाईंनी पहिल्याच मिनिटाला सही केली. चाळीस मिनिटांनी नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगताना त्या थांबल्या, रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे पण त्यात जाणार का?" कागद माझ्या फायलीत होता, पण त्यांच्या मनात संमती उरली नव्हती. मी रेकॉर्डर बंद केला, तेवढा भाग पुसू का विचारलं, त्या हो म्हणाल्या, पुसला. तेव्हापासून मी मुलाखतीच्या मध्ये आणि शेवटी पुन्हा विचारते. कागदावरची परवानगी एकदाच घेतात, माणसाची मात्र विचारत राहावी लागते.

१३. लहान मुलांच्या अभ्यासात पालकांची सही पुरते का?

पुरत नाही. पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही हवेत. मूल नको म्हणालं, रडलं, खेळ सोडून दाराकडे गेलं, तर पालकांनी सही केली असली तरी थांबायचं. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी अकरा महिन्यांच्या 'अल्बर्ट'ला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली: उंदराला हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा. ती भीती घालवण्याआधीच बाळ तिथून निघून गेलं. १९३९ साली अमेरिकेत आयोवामध्ये अनाथाश्रमातल्या २२ मुलांवरच्या अभ्यासात काही मुलांना त्यांच्या बोलण्याबद्दल मुद्दाम दोष दिला गेला. विद्यापीठानं माफी मागितली ती २००१ साली. त्या मुलांच्या बाजूनं 'नको' म्हणायला कोणी मोठं माणूस नव्हतं. ज्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नाही अशी मुलं सोयीची वाटतात, म्हणूनच त्यांच्या बाबतीत नियम अधिक कडक असावेत.

१४. मिलग्रॅम यांच्यासारखा प्रयोग आज करता येईल का? खोटं सांगणं कधी चालतं?

माणूस हुकूम कुठवर पाळतो हे तपासणाऱ्या, स्टॅनले मिलग्रॅम यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० पुरुष होते. स्मृतीचा अभ्यास आहे असं त्यांना सांगितलं होतं. समोरच्या 'विद्यार्थ्या'नं चुकीचं उत्तर दिलं की त्याला १५ ते ४५० व्होल्टचा झटका द्यायचा होता. झटके खोटे होते आणि 'विद्यार्थी' संशोधकाचाच माणूस. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

चर्चा बहुतेक वेळा खोट्या झटक्यांवर अडकते. मला त्याहून जास्त खुपतं ते दुसरंच. सहभागी घामाघूम होऊन थांबू का म्हणत होते, आणि त्यांना उत्तर मिळत होतं, "प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं आवश्यक आहे." मध्येच थांबण्याचा हक्क तिथे मोडला. नंतर विचारल्यावर ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याचा आनंद असल्याचं सांगितलं. पण नंतरचं समाधान आधीच्या जबरदस्तीची परवानगी होत नाही.

२००९ साली जेरी बर्गर यांनी हाच प्रयोग बदलून केला: सहभागींची आधी मानसतज्ज्ञांकडून पारख, कधीही थांबता येतं हे वारंवार सांगितलेलं, आणि १५० व्होल्टला प्रयोग बंद. तेवढ्यावरूनही पुरेसं कळलं.

हेतू लपवायचा असेल तर स्वतःला विचारा: याशिवाय उत्तर मिळणारच नाही का? उत्तराचं मोल तेवढं आहे का? वेदना किंवा तीव्र मानसिक त्रास होणार असेल, तर तो लपवता येत नाही. तिथे चर्चा संपते. बाकी ठिकाणी काम होताच शक्य तितक्या लवकर सगळं उलगडून सांगायचं, आणि "आता कळल्यावर तुमची माहिती वापरू का?" असं विचारायचं.

१५. स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग सगळ्या पुस्तकांत आहे. तो खरा मानायचा का?

घडला हे खरं. १९७१ साली फिलिप झिंबार्डो यांनी २४ तरुण निवडले, कैदी आणि पहारेकरी अशी वाटणी योगायोगानं केली, दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला. पण 'साधी माणसं अधिकार मिळताच आपोआप क्रूर होतात' हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आज टिकत नाही. पहारेकऱ्यांनी कडक वागावं यासाठी त्यांना आधीच सूचना आणि प्रोत्साहन दिलं गेल्याचं जुन्या ध्वनिफितींवरून आणि नोंदींवरून पुढे आलं.

झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक झाले होते. त्यामुळे दोन गोष्टी एकदमच बिघडल्या. संशोधक खेळात उतरला म्हणून निरीक्षण निःपक्ष राहिलं नाही, आणि खेळात उतरला म्हणून मुलांचे हाल होत असताना 'बास' म्हणायला जागेवर कोणी उरलं नाही. शेवटी बाहेरून आलेल्या क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी ठणकावून आक्षेप घेतला तेव्हा ते थांबलं. पद्धतीतली आणि नीतीतली चूक इथे एकच आहे. अभ्यासक्रमात हे दोन वेगळे धडे असतात म्हणून आपल्याला त्या दोन वाटतात.

१६. नाव लिहून घेतलं नाही, म्हणजे गोपनीयता पाळली ना?

नाव न घेणं म्हणजे अनामिकता; गोपनीयता म्हणजे कोण ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही सांगणार नाही. समोरासमोर मुलाखत घेतली की अनामिकता संपली, म्हणून संमतीपत्रात ते वचन देऊ नका. आणि नाव नसूनही माणूस ओळखू येतो. "त्या विभागातल्या एकमेव महिला अधिकारी, वय ५२" एवढं लिहिलं की तिथल्या सगळ्यांना कळतं. तपशील ढोबळ करा: वयोगट द्या, पदाचं नाव गाळा. प्रश्न ३ मधल्या एच. एम. यांचं पूर्ण नाव जगाला कळलं ते २००८ साली त्यांच्या मृत्यूनंतर, पन्नासहून अधिक वर्षं अभ्यास चालल्यावर.

१७. एखाद्यानं फॉर्ममध्ये आत्महत्येचे विचार येतात असं लिहिलं तर?

याचं उत्तर फॉर्म पाठवण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. फॉर्म अनामिक असेल तर त्या माणसापर्यंत तुम्ही पोहोचू शकत नाही. रात्री अकराला उत्तर वाचून तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून हा प्रश्न विचारायचाच असेल तर संपर्काची वाट ठेवा, उत्तरं रोज बघा, कोणत्या उत्तराला कोण कधी फोन करणार ते लिहून ठेवा, आणि जिवाला धोका दिसला तर गोपनीयता मोडावी लागेल हे संमतीपत्रात सांगा. मदतवाहिनीची माहिती प्रत्येकाला द्या, 'वाईट' उत्तरं देणाऱ्यांनाच नव्हे. विचारल्यामुळे असे विचार डोक्यात शिरतात, या भीतीला आजवरच्या अभ्यासांत आधार मिळालेला नाही. धोका विचारण्यात नसतो, विचारून पाठ फिरवण्यात असतो.

१८. सोशल मीडियावरच्या पोस्ट सार्वजनिकच असतात. त्या वापरायला कोणाला विचारायचं?

सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांसाठी लिहिली आहे, यात फरक आहे. दुःखात असलेल्यांच्या गटात लिहिणारी बाई संशोधकासाठी लिहीत नसते. शब्दशः उतारा छापला की तो शोधून लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचता येतं, म्हणून आशय आपल्या शब्दांत मांडा किंवा परवानगी घ्या. बंद गटात ओळख लपवून शिरू नका.

लोकांच्या समोर येणारा मजकूर बदलून पाहणं तर वेगळंच. फेसबुकनं जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ जणांच्या पानावरच्या भावनिक पोस्ट कमी-जास्त केल्या. अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा मोठा गदारोळ झाला. सापडलेला परिणाम अगदी छोटा होता. पण आपल्यावर प्रयोग होतोय हे त्यातल्या कोणालाच विचारलं नव्हतं, आणि वापराच्या अटींवर केलेलं क्लिक म्हणजे प्रश्न १२ मधली संमती नव्हे.

१९. भाग घेणाऱ्यांना पैसे किंवा गुण देऊ शकतो का? माझ्याच वर्गातली मुलं आहेत.

वेळेचा मोबदला चालतो. एरवी नाही म्हणाला असता तो माणूस निव्वळ रकमेमुळे धोका पत्करेल, इतका मोठा नको. गुण देणार असाल तर तेवढ्याच मेहनतीचा दुसरा पर्याय ठेवा. आपल्याच वर्गाची अडचण यापुढची आहे: मूल तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. फॉर्म दुसऱ्या कोणाकडून भरून घ्या आणि कोणी भरला, कोणी नाही, हे निकाल लागेपर्यंत बघू नका.

२०. घरचे आणि मित्र चालतील का?

सरावाच्या चाचणीला चालतील. खऱ्या डेटासाठी नको. ते तुम्हाला खूश करायला बघतील आणि तुम्ही त्यांचं खासगी वाचाल. घरचं किंवा मैत्रीचं नातंही बिघडतं आणि संशोधक-सहभागी हेही.

२१. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नीती तपासणाऱ्या समितीची) परवानगी डेटा घेतल्यावर काढली तर?

मिळत नाही, आणि मागची तारीख टाकून काढणं ही फसवणूक आहे. या समित्या आभाळातून पडल्या नाहीत. नाझी छळछावण्यांतल्या प्रयोगांच्या खटल्यानंतर १९४७ साली माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणारी न्युरेम्बर्ग संहिता आली. तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना आजार नीट न सांगता, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते न देता, नुसतं बघितलं गेलं. त्यानंतर १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालात तीन तत्त्वं मांडली गेली: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. कमिटी प्रश्न विचारते तेव्हा चिडू नका, ती तुमच्या सहभागीची जागा घेऊन विचारत असते.

२२. दोन-चार फॉर्म 'बसत नाहीत'. काढू का? आणि दहा कमी पडतायत, ते मीच भरले तर?

पहिल्याचं उत्तर: काढायचा निकष डेटा बघण्याआधी ठरवलेला असेल तर काढा, किती काढले ते लिहा, आणि ते ठेवून आलेला निकालही द्या. दुसऱ्याचं उत्तर: नाही. दहाच काय, एकही नाही. डच प्राध्यापक डिडेरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं डेटा स्वतः बनवला. २०११ साली ते उघड झालं आणि त्यांचे पन्नासहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. त्यांच्या बनावट आकड्यांवर त्यांच्या विद्यार्थ्यांनी भरवशानं प्रबंध लिहिले होते. १२० ऐवजी ११० फॉर्म आले तर ११० लिहा. एआयकडून 'सहभागींची उत्तरं' तयार करून घेणं हेही याच खात्यात मोडतं. मुलाखतीचं रेकॉर्डिंग सहभागीला न सांगता अशा सेवेत टाकणं मात्र प्रश्न १६ चा भंग आहे.

२३. सहभागीनं मुलाखतीनंतर महिन्याभरानं माघार घेतली. तिची माहिती काढावीच लागेल का?

संमतीपत्रात तारीख दिली नसेल, तर हो. म्हणून ती आधीच द्या: "अमुक तारखेपर्यंत सांगितल्यास तुमची माहिती पूर्ण काढून टाकू, त्यानंतर ती इतरांच्या माहितीत मिसळलेली असेल." अनामिक फॉर्म असेल तर पाठवल्यावर काढता येणार नाही, हे पाठवण्याच्या बटणाच्या वर छापा. आणि तारीख उलटल्यावरही कोणी विनंती केली, तर तिचे थेट उद्गार तरी काढा. एवढं जमतं. मी प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात चार उतारे काढले आहेत, प्रकरण त्यांच्याशिवायही उभं राहिलं.